लढाऊ विमानाच्या किटचं परीक्षण कसं करावं: स्पिटफायर मार्क १ समोर ठेवून, टप्प्याटप्प्याने

"मोल्डिंग छान, डिटेल भरपूर, पॅनल लाइन नाजूक, पैसे वसूल." प्लास्टिक किटची, म्हणजे सुटे भाग जोडून बांधायच्या छोट्या मॉडेलची, बरीच परीक्षणं याच्या पुढे जात नाहीत. वाचणाऱ्याला मात्र वेगळंच हवं असतं. खोक्यावर लिहिलेलं विमान आत खरंच आहे का? भाग एकमेकांना बसतात का? आणि माझ्या हाताला हे किट झेपेल का? ही उत्तरं निसटतात ती बहुतेक वेळा कामाचा क्रम चुकल्यामुळे. मापं घेण्याआधीच भाग कापले जातात, कोरडी जुळणी (गोंदाशिवाय भाग जोडून बघणं) न करताच गोंद लागतो, आणि सगळं रंगवून झाल्यावर आठवेल तसा लेख लिहिला जातो. स्प्रूवरून, म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून, सुटलेला भाग आणि गोंदाने विरघळून जोडलेला सांधा पुन्हा तपासता येत नाही.

उदाहरणासाठी दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान सुपरमरीन स्पिटफायर मार्क १ (मार्क म्हणजे विमानाची आवृत्ती) आणि १:७२, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाइतकं, हे माप घेतलं आहे. बहुतेक मोठ्या कंपन्यांनी स्पिटफायर काढलेलं आहे, संदर्भ मुबलक आहेत, आणि त्याच्या पंखाचा आकार इतका अवघड आहे की साचा करणाऱ्याची चूक लगेच उघडी पडते. मेसरश्मिट १०९, हरिकेन किंवा झीरो हातात असलं तरी क्रम हाच ठेवा.

## टप्पा १: आधी ठरवा आणि साहित्य जमवा

परीक्षण दोन प्रकारचं असतं. एक, खोका उघडून आतल्या वस्तूंचं. दुसरं, किट पूर्ण बांधून. दोन्ही उपयोगी आहेत, पण पहिल्या प्रकारात "जुळणी उत्तम" असं लिहिण्याचा अधिकार नसतो. तुमचं कोणतं आहे ते शीर्षकाखालीच लिहा. किट दुकानदाराने किंवा कंपनीने फुकट दिलं असेल तर तेही तिथेच सांगा.

टेबलावर हे हवं: व्हर्नियर कॅलिपर, स्टीलची पट्टी, दहा पट मोठं दाखवणारं भिंग, धारदार निपर, मास्किंग टेप, एका बाजूने प्रकाश पाडता येईल असा दिवा, काळा आणि राखाडी कागद, आणि एक वही. वही मोबाइलमध्ये चालेल, पण नोंद त्याच क्षणी झाली पाहिजे.

संदर्भ जमवताना घाई नको. किमान तीन गोष्टी लागतात: विमानाची अधिकृत मापं, मापात काढलेलं एक चांगलं रेखाचित्र, आणि त्या काळातले फोटो. आज उडणाऱ्या किंवा संग्रहालयातल्या विमानांचे रंगीत फोटो आकर्षक असतात, पण डागडुजीत त्यांचे भाग बदललेले असतात आणि रंग पुन्हा दिलेला असतो. लंडनमध्ये हेंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात एक्स४५९० या क्रमांकाचं मार्क १ आहे. धडाचा आकार, पॅनलची मांडणी यासाठी अशा विमानाचे फोटो मोलाचे. १९४० सालच्या रंगछटेचा पुरावा म्हणून ते वापरू नका.

सावधान: रेखाचित्र छापताना प्रिंटर बहुधा ते पानात मावेल असं आपोआप आक्रसतो. छपाई शंभर टक्क्यांवर ठेवा आणि चित्रातली मोजपट्टी कॅलिपरने तपासा. मग पंखांची लांबी मोजून अधिकृत मापाशी ताडा. जे रेखाचित्र स्वतःच या कसोटीला उतरत नाही, त्यावर किट ठेवून निकाल देऊ नका. "किटचा पंख दोन मिलिमीटर आखूड" ही तक्रार कित्येकदा कागदाची असते.

## टप्पा २: खोका फोडण्याआधी वाचा

खोक्याच्या बाजूंवर बरंच काही लिहिलेलं असतं. माप, मार्क, भागांची संख्या, किती विमानांच्या खुणा (चिन्हं, अक्षरं, क्रमांक) दिल्या आहेत, रंग आणि गोंद आत आहेत की नाहीत, हे सगळं टिपा.

सगळ्यात महत्त्वाचं साल, आणि तिथेच चूक होते. खोक्यावरचं साल त्या खोक्याचं असतं, साच्याचं असेलच असं नाही. जुना साचा नव्या चित्रासह, नव्या डिकल्ससह (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांसह) परत बाजारात येतो, कधी दुसऱ्याच कंपनीच्या नावाने येतो. तामियाने आपल्या खोक्यात इटालेरीची १:७२ किटं विकली आहेत, ते उघड गुपित आहे. उलट एडुआर्ड कंपनीच्या वीकेंड आणि प्रोफिपॅक या दोन खोक्यांत प्लास्टिक बहुतांशी तेच असतं. महाग खोक्यात धातूच्या पातळ पत्र्यातून कोरलेले फोटो-एच भाग, रंगवताना काच झाकायचे मास्क आणि जास्त विमानांच्या खुणा मिळतात. एअरफिक्सच्या स्टार्टर सेटमध्ये रंग, ब्रश आणि गोंद सोबत असतो. वाचक नेमक्या कोणत्या खोक्याबद्दल वाचतो आहे हे उत्पादन क्रमांकासह सांगितलं नाही, तर तो दुकानात जाऊन दुसराच खोका उचलतो.

किंमत रुपयांत लिहा, सोबत महिना-वर्ष, आणि त्यात पोस्टेज-कस्टम धरलंय का तेही लिहा. परदेशातून मागवलेल्या किटच्या बाबतीत छापील किंमत आणि घरी पोचेपर्यंतचा खर्च यांत मोठी तफावत पडते. पुण्यातला वाचक आणि न्यू जर्सीतला वाचक एकच लेख वाचत असतात. दोघांनाही तुलना करता आली पाहिजे.

## टप्पा ३: मोजा, मग फोटो, आणि निपर अजून ड्रॉवरमध्येच

पिशव्या एकेक करून उघडा. सूचनापत्रातल्या नकाशाशी प्रत्येक स्प्रू ताडा. कुठला भाग तुटलेला, वाकलेला, गळून पिशवीच्या तळाशी गेलेला आहे का ते बघा. पारदर्शक भाग वेगळ्या पिशवीत आहेत का? एकाच पिशवीत सगळं घासत आलं असेल तर कॅनोपीवर (पायलटच्या डोक्यावरच्या काचेवर) ओरखडे असणारच. ही पॅकिंगची उणीव आहे, ती नोंदवा.

आता फोटो. राखाडी प्लास्टिक पांढऱ्या कागदावर ठेवलं की कॅमेरा पांढऱ्याच्या मागे जातो आणि बारकावे पुसले जातात. मध्यम राखाडी कागद घ्या, दिवा एका बाजूला अगदी खाली, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर ठेवा. पॅनल लाइन (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा), रिव्हेट, खड्डे सगळे सावली टाकतात. पारदर्शक भागांना काळा कागद. प्रत्येक जवळच्या फोटोत पट्टी दिसू द्या, नाहीतर मोबाइलच्या पडद्यावर १:७२ आणि १:३२ सारखेच दिसतात.

तपासा: प्रत्येक स्प्रूचा वरचा आणि खालचा असे दोन्ही फोटो आहेत का? पुढे एखादा दोष किटचा की तुमच्या सुरीचा, असा प्रश्न येईल तेव्हा हेच फोटो साक्ष देतील.

## टप्पा ४: प्लास्टिकचा दर्जा

इथे नजर कशावर ठेवायची ते ठरलेलं आहे. प्रत्येक दोषाचं कारण कळलं की त्याची गंभीरताही कळते.

फ्लॅश म्हणजे भागाच्या कडेला आलेला पातळ पापुद्रा. साच्याचे दोन अर्धे घट्ट मिटत नाहीत तेव्हा तो येतो. जुन्या, झिजलेल्या साच्यात जास्त. सुरीने निघतो, म्हणून किरकोळ, पण प्रोपेलरच्या पात्यावर किंवा चाकाच्या दांडीवर असला तर त्रासाचा.

सिंक मार्क म्हणजे जाड जागी प्लास्टिक थंड होताना आत ओढलं जाऊन पडलेला खळगा. स्पिटफायरच्या किटमध्ये पंखाच्या मुळाजवळ आणि आतून जुळणीचे खुंट आहेत त्यांच्या बरोबर बाहेरच्या बाजूला बघा. पुट्टीने भरता येतो, मात्र भरताना आजूबाजूच्या रिव्हेट जातात.

साचा सरकलेला असणं हा यातला सर्वांत वाईट दोष. चाकं, तोफांच्या नळ्या, लँडिंग गियरच्या दांड्या यांच्या मधोमध पायरी जाणवते. नख फिरवा, कळेल. बारीक गोल भागावरची अशी पायरी घासून काढली की भाग गोल राहत नाही.

साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनच्या गोल खुणा प्रत्येक किटमध्ये असतात. त्या आहेत ही तक्रार नव्हे. त्या कुठे आहेत हे सांगा. धडाच्या आत, दिसणार नाही अशा जागी असतील तर सोडून द्या. लँडिंग गियरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा पायलटच्या सीटवर असतील तर लिहा.

पॅनल लाइनबद्दल एक हिशेब नेहमी करून बघावा. १:७२ मध्ये ०.२ मिलिमीटर रुंदीची रेघ खऱ्या विमानावर १४ मिलिमीटरहून मोठी फट होते. स्पिटफायरच्या पत्र्यांच्या सांध्यांत अशा फटी नव्हत्या. म्हणून "खोल, ठसठशीत पॅनल लाइन" हे कौतुक म्हणून लिहिताना विचार करा. पंखाच्या मागच्या कडेलाही हाच हिशेब लावा: ०.५ मिलिमीटर जाडी म्हणजे खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटर. कॅलिपरने मोजलेला आकडा लिहा.

## टप्पा ५: आकार, म्हणजे हे खरंच मार्क १ आहे का

परीक्षणाचा कणा हा टप्पा आहे. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

आधी दोन मोठी मापं. स्पिटफायर मार्क १ च्या पंखांची लांबी ३६ फूट १० इंच, म्हणजे ४४२ इंच. त्याला ७२ ने भागून २५.४ ने गुणलं की १५५.९ मिलिमीटर येतात. विमानाची लांबी २९ फूट ११ इंच, म्हणजे १२६.७ मिलिमीटर. १:४८ साठी हेच आकडे २३३.९ आणि १९०. भाग स्प्रूवर असताना पंखाचा खालचा अखंड भाग टोकापासून टोकापर्यंत मोजा. लांबीसाठी धडाचे अर्धे, रडर (उभ्या शेपटीचा हलणारा भाग) आणि स्पिनर (प्रोपेलरच्या मधली टोपी) यांची बेरीज धरावी लागेल. ती टेप लावून केलेल्या कोरड्या जुळणीत नक्की होईल, तोवर आकडा पेन्सिलने लिहा.

एखाद्या मिलिमीटरचा फरक निघाला तर त्यावर परिच्छेद खर्च करू नका. डोळ्यांना मापापेक्षा आकार आधी दिसतो. लांबी अचूक असूनही नाक बोथट असलं तर ते स्पिटफायर वाटत नाही.

आकाराच्या जागा या आहेत. पंखाचा लंबवर्तुळाकार बाह्याकार: पुढची कड आणि मागची कड यांची वळणं सारखी नाहीत, मागची जास्त फुगीर आहे. पंख आणि धड यांच्यातला गोल भराव. आणि ज्यावर सर्वांत जास्त किटं घसरतात ती जागा, म्हणजे पोटाखाली, पंखाच्या मुळाशी मागच्या बाजूला असलेली गल पक्ष्याच्या पंखासारखी वळणदार कमान. काही साच्यांत ही कमान सपाटच असते. मागून आणि किंचित खालून काढलेला फोटो ही चूक लगेच दाखवतो, पण त्यासाठी कागदी रेखाचित्र पुरत नाही, खऱ्या विमानाचा त्याच कोनातला फोटो शेजारी ठेवावा लागतो.

सावधान: जवळून, रुंद लेन्सने काढलेल्या फोटोवरून प्रमाण मोजू नका. नाक फुगतं आणि शेपूट बारीक होते. आकार ताडायला दुरून काढलेले फोटोच घ्या.

आता मार्कची ओळख. एकाच साच्यातून अनेक मार्क काढणं कंपन्यांना सोयीचं असतं, त्यामुळे स्प्रूवर नको असलेले भागही मिळतात आणि हवे असलेले कधी कधी मिळत नाहीत. पुढच्या खुणा एकेक करून शोधा.

पायलटच्या उजव्या हाताच्या पंखाखाली चौकोनी रेडिएटर आणि डाव्या पंखाखाली अरुंद, अर्धगोल ऑइल कूलर हवा. कूलरचं तोंड पूर्ण गोल असेल तर तो मार्क ५ चा आहे. दोन्ही पंखांखाली सारखेच चौकोनी रेडिएटर म्हणजे मार्क ९ किंवा त्याच्या कुळातलं.

एक्झॉस्ट (इंजिनाचा धूर सोडणाऱ्या नळ्या) प्रत्येक बाजूला तीन. सहा सुटी तोंडं दिसली तर ती मर्लिन या स्पिटफायरच्या इंजिनाच्या पुढच्या मालिकेतली.

पंखाच्या पुढच्या कडेला प्रत्येकी चार मशीनगनची छिद्रं, म्हणजे एकूण आठ. आठ मशीनगनच्या मार्क १ वर तोफेचा फुगवटा नको. साच्यात तो आला असेल तर घासून काढायला सूचनापत्र सांगतं का ते बघा.

नाकाच्या उजव्या बाजूला, स्पिनरच्या मागे, अश्रूसारखा छोटा उंचवटा दिसला तर तो मार्क २ च्या कॉफमन स्टार्टरचा, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या यंत्रणेचा आहे. खोक्यावर मार्क १ आणि नाकावर हा उंचवटा, हे जमत नाही.

प्रोपेलर हा स्वतंत्र विषय. अगदी सुरुवातीच्या विमानांना दोन पात्यांचा लाकडी, मग डी हॅविलंड कंपनीचा तीन पात्यांचा, आणि काहींना रोटोल कंपनीचा, ज्याची पाती रुंद आणि स्पिनर अधिक बोथट. कोणता दिला आहे आणि तो दिलेल्या खुणांशी जुळतो का ते पाहा. शिवाय पात्यांचा पीळ तपासा: मर्लिन इंजिनाचा प्रोपेलर पायलटच्या जागेवरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, समोरून पाहिल्यास उलट. पीळ उलटा असलेली पाती आजही किटमध्ये सापडतात, आणि परीक्षणात त्यांचा उल्लेख क्वचित येतो.

कॅनोपी सुरुवातीला सपाट माथ्याची, नंतर फुगीर. समोरच्या काचेवरचा बाहेरचा बुलेटप्रूफ थर सुरुवातीच्या विमानांवर नव्हता. १९३९ च्या खुणा लावायच्या असतील तर सपाट कॅनोपी खोक्यात आहे का, हा थेट प्रश्न.

रडर आणि एलिव्हेटर (आडव्या शेपटीचे हलणारे भाग) कापडाने मढलेले होते, मार्क १ चे एलेरॉनही (पंखांच्या मागच्या कडेचे हलणारे भाग). त्यावर फासळ्या हलक्या उमटायला हव्यात. दोन फासळ्यांमध्ये कापड खोल लोंबल्यासारखं दाखवलं असेल तर ती अतिशयोक्ती आहे.

तपासा: वरच्या प्रत्येक मुद्द्यापुढे "आहे", "नाही" किंवा "पर्यायी भाग दिला आहे" असं वहीत लिहिलं आहे का?

## टप्पा ६: पारदर्शक भाग, डिकल्स, सूचनापत्र

कॅनोपी छापील मजकुरावर धरा. अक्षरं वाकडी दिसली तर काच जाड आहे. चौकटीच्या रेघा मास्किंग टेपला धार देतील इतक्या स्पष्ट हव्यात.

डिकल्स भिंगाखाली बघा. ब्रिटिश हवाई दलाच्या चिन्हाच्या वर्तुळातला तांबडा ठिपका मधोमध आहे का, पिवळ्या कड्याची रुंदी सगळीकडे सारखी आहे का, डिकलची पारदर्शक वाहक फिल्म रंगाच्या बाहेर किती पसरली आहे. मग इतिहासाशी ताडा. १९४० च्या उन्हाळ्यातल्या स्पिटफायरच्या धडावर पिवळ्या कड्याचं वर्तुळ असतं, पण पंखाच्या वरच्या बाजूला फक्त निळा आणि तांबडा असतो, पांढरा नसतो. शेपटीजवळचा फिक्या हिरवट स्काय रंगाचा पट्टा १९४० च्या नोव्हेंबरअखेरीपासून आला. ऑगस्ट १९४० चं म्हणून दिलेल्या विमानावर सूचनापत्र तो पट्टा दाखवत असेल तर कंपनीचा गृहपाठ कच्चा आहे.

आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो: भारतीय खुणा लावता येतील का? मार्क १ ला नाही. भारतीय हवाई दलाच्या ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ब्रह्मदेशात स्पिटफायर वापरली ती मार्क ८ होती: लांब नाक, दोन सारखे रेडिएटर, आत जाणारं मागचं चाक. शिवाय त्या आघाडीवर वर्तुळातला तांबडा रंग काढून टाकलेला होता, जपानी विमानांच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून. ही माहिती परीक्षणात एका ओळीत दिली तर वाचक चुकीचं किट विकत घेणार नाही.

सूचनापत्रात रंग फक्त कंपनीच्या क्रमांकाने दिले आहेत की नावानेही? डार्क अर्थ, डार्क ग्रीन, स्काय, आणि कॉकपिटसाठी ग्रे-ग्रीन अशी नावं असतील तर कुठल्याही ब्रँडचा रंग घेता येतो. फक्त क्रमांक असतील तर ज्याच्या गावात तो ब्रँड मिळत नाही तो अडतो.

## टप्पा ७: कोरडी जुळणी

आता निपर घ्या. पण गोंदाची बाटली बंद.

फक्त मोठे भाग कापा: धडाचे दोन अर्धे, पंखाचे तीन भाग, आडवी शेपटी, कॉकपिटचा सांगाडा. गेटचे, म्हणजे भाग स्प्रूला जोडणाऱ्या दांडीचे, अवशेष नीट घासा, कारण अर्धा मिलिमीटर उरलेला गेट हाच पुष्कळदा "वाईट जुळणी"चा खरा गुन्हेगार असतो. मग टेपने बांधा आणि चार जागा निरखा.

पहिली, पंख आणि धड यांचा वरचा सांधा. इथे फट असेल तर ती दोन्ही बाजूंना सारखी आहे का? दुसरी, पोटाखाली पंखाचा मागचा भाग धडाला मिळतो तिथली पायरी. तिसरी, नाकाचा वरचा सांधा. चौथी, कॉकपिट आत बसवल्यावर धड मिटतं का. ही चौथी तपासणी बरेच जण विसरतात आणि कॉकपिट रंगवून झाल्यावर ते धडात मावत नाही. सांध्यावर चढलेला रंगाचा थरसुद्धा १:७२ मध्ये पुरेसा जाड असतो.

प्रत्येक सांध्यासाठी वहीत तीनपैकी एक लिहा: गोंद पुरेल, घासावं लागेल, पुट्टी लागेल.

लांबीचा पेन्सिलने लिहिलेला आकडा आता पक्का करा.

## टप्पा ८: बांधणी आणि नोंदी

बांधणी कंपनीने सांगितलेल्या क्रमानेच करा, निदान परीक्षणाच्या किटची तरी. तुमची स्वतःची युक्ती असेल तर ती वेगळी सांगा. वाचकाला सूचनापत्र विश्वासार्ह आहे का हे कळायला हवं.

पंखाचे वरचे दोन भाग खालच्या अखंड भागाला चिकटवल्यावर आणि धडाला जोडण्याआधी थांबा. सपाट काचेवर ठेवून दोन्ही टोकांची उंची मोजा. सारखी यायला हवी. पंख धडाला जोडल्यावर पुन्हा मोजा. वरची फट मिटवायला पंख वर ओढून टेप लावला की कोन बदलतो, आणि मग पंख फार वर उचलल्यासारखे दिसतात. आडवी शेपटी समोरून पाहताना पूर्ण सपाट, उभ्या शेपटीशी काटकोनात.

लँडिंग गियरच्या दांड्या कशा बसतात ते लिहा. खोबणीत खुंट घट्ट बसतो, की नुसतं सपाट टोकाला टोक चिकटवायचं? दुसरी पद्धत असेल तर कोन हाताने धरून ठरवावा लागतो, आणि नवशिक्यासाठी ही मोठी अडचण आहे. चाकांच्या खाचांना भिंती आहेत की वर पंखाचं आतलं प्लास्टिक दिसतं, तेही एका वाक्यात.

फ्लॅप (उतरताना पंखाखाली सोडायच्या झडपा) खाली सोडलेले दाखवायचे भाग काही किटमध्ये मिळतात. ते दिसतात छान, पण स्पिटफायरचा पायलट जमिनीवर आल्यावर फ्लॅप वर घेत असे. जमिनीवर उभ्या विमानाला ते खाली दाखवणं क्वचितच बरोबर ठरतं.

सावधान: कॅनोपीला सुपरग्लू लावू नका. त्याच्या वाफेने काच आतून पांढरी धूसर होते, आणि मग परीक्षणात "कॅनोपी अस्पष्ट" असं अन्यायाने लिहिलं जातं. पारदर्शक भागांसाठीचा पांढरा गोंद वापरा.

दोष कुणाचा, हा प्रश्न याच टप्प्यावर सोडवायचा. सांध्यात पायरी आली तर वही उघडा. कोरड्या जुळणीत ती होती का? होती, तर किटची. नव्हती, तर गोंद, दाब किंवा घासणं यांतून आलेली, म्हणजे बांधणाऱ्याची. भाग वाकडा वाटला तर आधी घेतलेला स्प्रूवरचा फोटो बघा. तिथेही वाकडा असेल तर किटचा, पण एकाच खोक्यावरून "साचा वाकडा" असं लिहू नका. गरम पाण्यातून सरळ झाला तर तो त्या एका खोक्यातला भाग होता इतकंच म्हणा. किट लावून पाहिलेल्या आणखी कुणाचा अनुभव मिळाला तर विचारून घ्या.

## टप्पा ९: रंग आणि डिकल्स

हा टप्पा परीक्षणात लहान ठेवा. रंगकाम तुमचं असतं, किटचं नव्हे. प्रायमरचा (रंगाआधी द्यायच्या राखाडी थराचा) पातळ हात दिल्यावर एक फोटो मात्र जरूर घ्या. राखाडी एकसंध पृष्ठभागावर सांधे, खळगे आणि पॅनल लाइन जशा आहेत तशा दिसतात.

पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात लॅकर प्रकारच्या रंगावर गढूळ पांढुरकी झाक येते, ती हवेतल्या ओलाव्यामुळे. तिचा दोष रंगाला किंवा प्लास्टिकला देऊ नका, आणि शक्य असेल तर कोरड्या दिवसाची वाट बघा.

डिकल्सची चाचणी आधी नको असलेल्या एखाद्या अक्षरावर करा, तेही डार्क ग्रीन रंगावर. पिवळा आणि पांढरा खालच्या हिरव्याला झाकतात का? पाण्यातून किती वेळाने सुटतं, सरकवताना फाटतं का, सॉफ्टनर (डिकल मऊ करणारा द्रव) लावल्यावर पॅनल लाइनमध्ये बसतं का? कोणता सॉफ्टनर वापरला ते लिहा. एकावर चालणारं डिकल दुसऱ्यावर सुरकुततं.

## टप्पा १०: लिहिणं

वही समोर ठेवा आणि पाहिलेलं व वाटलेलं वेगळं करा. "पंखांची मागची कड जाड वाटते" याऐवजी "मागची कड ०.६ मिलिमीटर भरली, मी घासून पातळ केली" असं लिहिलं की वाचक स्वतः ठरवू शकतो. "जुळणी थोडी वाईट" याऐवजी कोणता सांधा, कोणत्या बाजूला, पुट्टी किती लागली.

दहापैकी गुण देण्याचा मोह टाळा. आकाराने उत्तम पण बांधायला अवघड असं किट, आणि आकाराने ढोबळ पण एका संध्याकाळी टेपशिवाय जुळणारं किट, दोघांना सात गुण मिळतात आणि वाचकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी माणसं डोळ्यासमोर आणा. पहिलंच विमान बांधणारी शाळकरी मुलगी. पाच-सहा किटं झालेला, एअरब्रश नुकताच घेतलेला तरुण. आणि रिव्हेट मोजणारा जाणकार. प्रत्येकाला वेगळं उत्तर द्या, आणि एखाद्यासाठी किट योग्य नसेल तर तसं सरळ लिहा.

दोष लिहिताना त्यावरचा उपायही सांगा, आणि तो आवाक्यातला असू द्या. पोटाखालची कमान सपाट असेल तर ती घरी कोरून काढणं जाणकारालाच जमेल. नवशिक्याला "ही चूक खालून आहे, शेल्फवर ठेवल्यावर दिसणार नाही" एवढं सांगितलं तरी पुरतं. याउलट प्रोपेलरचा पीळ उलटा असेल तर त्यावर सोपा उपाय नाही, बाजारातून सुटा प्रोपेलर घ्यावा लागेल, आणि तो खर्च किमतीत धरून सांगायला हवा.

फोटोंचा क्रम कामाच्याच क्रमाने ठेवा: स्प्रू, कोरडी जुळणी, प्रायमर, पूर्ण मॉडेल. पूर्ण मॉडेलचा सुंदर फोटो सगळ्यात वर लावायचा असेल तर लावा, पण त्याखाली काय काय बदललं, बाहेरून कोणते भाग आणले, ते लिहा. बाजारातून घेतलेले रेझिनचे एक्झॉस्ट लावून "एक्झॉस्ट अप्रतिम" असं लिहिलेलं परीक्षण वाचकाची फसवणूक करतं.

प्रसिद्ध करण्याआधी मार्क, माप, उत्पादन क्रमांक, किंमत आणि प्रत्येक आकडा वहीशी पुन्हा ताडा. उरलेले स्प्रू आणि सूचनापत्र लगेच फेकू नका. लेख वाचून कुणीतरी नक्की विचारेल की अमुक भाग त्यात आहे का, आणि तेव्हा उत्तर अंदाजाने द्यावं लागणार नाही.